हिवाळा कोणाचा?

मागील आगमनकाळातील गोष्ट आहे. बालाघाटहून लांजीच्या वाटेवर एका नाल्यापलीकडे पाच-सहा ख्रिस्ती घरांची वस्ती आहे व तेथे आठवड्यातून एकदा घरगुती प्रार्थनासभा भरते. त्या संध्याकाळी पाळकसाहेबांना दुसरीकडे जावे लागल्याने आम्हांस पाठविण्यात आले. धान मळून झाले होते, अंगणात तणशीचा वास होता, शेकोटी पेटविली होती आणि वर स्वच्छ चांदणे पडले होते. नेमलेला पाठ मार्काच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय होता. यरुशलेमेवर येऊ घातलेल्या अरिष्टाविषयी प्रभू शिष्यांना सांगत आहे. डोंगराकडे पळून जावे लागेल, छपरावरच्याने सामान घेण्यासाठी खालीसुद्धा उतरू नये, आणि हे पळणे हिवाळ्यात घडू नये म्हणून प्रार्थना करावी, असे तो म्हणतो. हा भाग आम्ही वाचला आणि झपाट्याने पुढे सरकलो. पुढे सूर्य अंधकारमय होणे, तारे पडणे वगैरे मोठमोठी चिन्हे होती आणि उपदेश करणाराला तेथे बोलण्यास पुष्कळ सापडते. इतक्यात शेकोटीपलीकडून एका वृद्ध मावशींनी आम्हांस थांबविले.

"भाऊ, हे काय वाचलं तुमी? हिवाळ्यात पळाले काय तरास आहे? नाल्याले पानी नाही, वाट कोरडी, धान घरात आलेलं. पावसाळ्यात पळनं होऊ नये म्हना, असं काऊन नाही सांगतलं प्रभूनं?"

दोन-चार तरुण हसले. आम्ही म्हणालो, "मावशी, तिकडे थंडी फार कडक असते, बर्फही पडतो." मावशींनी "हो काय" म्हणून मान हलविली आणि शेकोटीत एक लाकूड सारले. आम्ही पुढे वाचू लागलो. परंतु आपण दिलेले उत्तर म्हणजे केवळ वेळ मारून नेणे होते, हे आम्हांस त्याच वेळी ठाऊक होते. घरी परतताना मोटरसायकलवर तोच प्रश्न पाठीवर बसून आला.

आमच्या ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत ग्रीक भाषा होती. ती आम्ही परीक्षेपुरती शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो, हे कबूल करण्यास संकोच वाटू नये, कारण आमच्यासारखे अनेक आहेत. त्या रात्री कपाटातून जुना ग्रीक नवा करार व शब्दकोश काढला. मार्काने वापरलेला शब्द 'खेइमोन' असा आहे. नव्या करारात तो सहा ठिकाणी येतो, आणि या सहा जागा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की मावशींचा प्रश्न किती नेमका होता हे दिसू लागते. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात सकाळी आभाळ तांबूस व काळवंडलेले पाहून लोक म्हणतात की आज 'खेइमोन' होणार; तेथे हिवाळा हा अर्थ बसतच नाही, कारण हिवाळा काही एका सकाळी होत नाही. तेथे अर्थ झड किंवा वादळ असाच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाचे तारू ज्या तुफानात सापडले, पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाही व तारेही दिसले नाहीत, त्या तुफानाला लूक हाच शब्द लावतो. उलट योहान दहाव्या अध्यायात एका सणाचा काळ सांगताना हाच शब्द ऋतूसाठी घालतो, आणि पौल तीमथ्याला 'खेइमोन'च्या आधी निघून ये असे कळकळीने लिहितो. राहिल्या दोन जागा म्हणजे मत्तय व मार्क यांतील हे पळण्याविषयीचे वचन.

म्हणजे शब्द एक, आणि त्याच्या पोटात हिवाळा, पाऊस, वादळ व खवळलेला समुद्र हे सगळे. ग्रीक लोकांना यात काही विचित्र वाटत नव्हते. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत पाऊस हिवाळ्यातच पडतो. यहूदीयातही तसेच. तेथे उन्हाळा कडकडीत कोरडा जातो, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाला आरंभ होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तो संपतो. गीतरत्नात प्रियकर हिवाळा सरल्याचे सांगतो तेव्हा त्याच दमात पाऊस ओसरल्याचेही सांगतो, ते यामुळेच. एज्राच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात नवव्या महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, सर्व लोक देवाच्या मंदिरासमोरच्या चौकात पावसाने कुडकुडत बसले आहेत. बाहेर उभे राहण्याची आपल्यात शक्ती नाही, पावसाचे दिवस आहेत, अशी तक्रार ते करतात. पाऊस आणि कुडकुडणे एकाच वेळी! आपल्याकडे ही दोन संकटे देवाने वेगवेगळ्या महिन्यांत वाटून दिली आहेत. ती एकत्र भेटतात फक्त एखाद्या पौषात, जेव्हा अवकाळी आभाळ येते, खरेदी केंद्रावर उघड्यावर पडलेले धान भिजू लागते आणि शेतकरी ताडपत्री धरून रात्रभर गारठत उभा राहतो. बालाघाटच्या माणसाला 'खेइमोन' समजावयाचा असेल तर ती रात्र आठवावी.

शब्दकोशात आणखी एक गोष्ट सापडली, तिचे आम्हांस फार नवल वाटले. ग्रीक 'खेइमोन' आणि संस्कृत 'हिम', 'हेमंत' हे शब्द एकाच प्राचीन मुळाचे आहेत. त्याच 'हिम'पासून मराठीत 'हिंव' आले, हिंवताप आला आणि हिवाळाही आला. तेव्हा ज्या भाषांतरकारांनी येथे 'हिवाळा' घातला, त्यांनी नकळत त्या ग्रीक शब्दाच्या सख्ख्या नात्यातला शब्द घातला. परंतु नाते एक असले तरी दोघे भाऊ वेगळ्या मुलखांत वाढले. एक समुद्रकाठी वाढला व वादळी झाला. दुसरा सातपुड्याच्या पायथ्याशी वाढला व शांत, सुखाचा झाला. हिवाळा म्हणताच आमच्या डोळ्यांपुढे नाताळ, मेळावे, लग्ने, तुरीच्या शेंगा आणि कोरडे रस्ते उभे राहतात. भाषांतर शब्दाला धरून अगदी बरोबर आहे, आणि तरीही ऐकणाराच्या मनात उलटे चित्र उभे करते.

यहूदीयातून हिवाळ्यात पळणे म्हणजे काय, हे इतिहासात नोंदलेले आहे. रोमी सैन्याविरुद्ध यहूद्यांचे बंड चालू असता इ. स. 68 च्या आरंभी गदाराकडील लोक यरीहोच्या दिशेने पळत सुटले. योसेफस हा त्या काळचा इतिहासकार लिहितो की ते यार्देनेपर्यंत पोहोचले, परंतु पावसाने नदी फुगलेली होती व उतार नव्हता. मागे घोडेस्वार आणि पुढे पूर. पंधरा हजार माणसे तेथे मारली गेली असे तो सांगतो. जुन्या इतिहासकारांचे आकडे जपूनच घ्यावे लागतात, परंतु घटना स्पष्ट आहे. आणि यरुशलेमेतील ख्रिस्ती मंडळी ज्या पेल्ला गावी निघून गेली असे युसेबियसाने नोंदले आहे, ते गाव यार्देनेच्या पलीकडेच होते. तेव्हा त्यांच्या पळण्यातही नदी उतरणे होतेच. प्रभूच्या वचनात थंडीपेक्षा ही नदी अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

म्हणजे मावशींचे म्हणणे बरोबर होते. यहूदीयाचा हिवाळा तो आपला पावसाळा. नाल्यापलीकडे राहणाऱ्या माणसाला हे शब्दकोशातून शिकावे लागत नाही. मृग लागण्याआधी कवेलू फेरून घ्यावे, मीठ-तेल भरून ठेवावे, बाळंतीण व्हावयाची असेल तिला आधीच अलीकडच्या गावी नातलगाकडे आणून ठेवावे, ही त्या वस्तीची रीत. वैनगंगेविषयी तर सांगावयास नको. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वर पावसाने कहर केला, सिवनी जिल्ह्यातील भीमगडच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि बालाघाटपासून खाली भंडाऱ्यापर्यंत पाणी गावांत शिरले. त्या रात्री ज्यांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन घरे सोडली त्यांना मार्काचा तेरावा अध्याय समजावून सांगण्यास उपदेशक लागणार नाही.

मग शास्त्रात 'हिवाळा' काढून 'पावसाळा' घालावा काय? आम्हांसही क्षणभर तसे वाटले. परंतु ते बरे नव्हे. त्याच नियमाने योहानाच्या दहाव्या अध्यायातही पावसाळा घालावा लागेल, आणि वाचणारा म्हणेल की तो सण श्रावणात होता. खरे तर तो डिसेंबरच्या सुमाराचा. शिवाय आपल्या आभाळाप्रमाणे शास्त्र दुरुस्त करू लागलो तर थांबावे कोठे? याविषयी एक जुनी हकिगत आहे. मत्तयातील तांबूस आभाळाचे ते वचन चौथ्या शतकातील दोन सर्वांत मान्यवर हस्तलिखितांत, सीनाय व व्हॅटिकन या नावांनी जी ओळखली जातात त्यांत, नाही. आपल्या काळच्या बहुतेक प्रतींत ते नसल्याचे जेरोमनेही लिहून ठेवले आहे. ते मुळात नव्हते व मागाहून शिरले, असे काही विद्वान म्हणतात. दुसरे काही म्हणतात की ते मुळात होतेच, परंतु मिसरात सकाळच्या तांबूस आभाळानंतर पाऊस येत नाही, म्हणून तिकडच्या नकलकारांनी ते गाळले असावे. वाद मिटलेला नाही. पण हे दुसरे मत खरे असेल तर त्या नकलकाराची आणि आमच्या मावशींची जात एकच म्हणावी लागेल. दोघांनीही वचन वाचून आधी आपल्या आभाळाकडे पाहिले. फरक एवढाच की त्याने वचन खोडले आणि मावशींनी प्रश्न विचारला.

शब्द तसाच राहू द्यावा, याला आमच्यापाशी आणखी एक कारण आहे आणि ते अधिक वजनाचे आहे. हिवाळा सर्वांनाच सुखाचा असतो असे कोणी सांगितले? पौलाचेच पाहा. तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी ये म्हणताना तो बंदीत आहे. त्याच पत्रात थोडे आधी, त्रोवस येथे कार्पाजवळ राहिलेला आपला झगा घेऊन ये, असे तो सांगतो. दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. त्या काळी 11 नोव्हेंबरपासून 10 मार्चपर्यंत समुद्र बंद समजत असत, असे वेजेतियस नावाच्या रोमी लेखकाने लिहून ठेवले आहे. आता निघाला नाहीस तर वसंतापर्यंत येता येणार नाही, आणि तोवर मी असेन की नाही कोणास ठाऊक. मधल्या थंडीत अंगावर झगा तरी असावा. म्हाताऱ्या प्रेषिताचा हिवाळा हा असा होता.

आणि आपल्या मराठी मंडळीला तर याहून जवळचे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ भाषांतून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये छापून पुरा झाला. त्याच रमाबाई दुष्काळात आईबाप व बहीण गमावून आपल्या भावाबरोबर पायी हिंडत होत्या. 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा बहीण-भावांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, त्यांत झोपले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली, असे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले आहे. ज्या बाईने वाळूचे पांघरूण केले होते तिला 'खेइमोन' या शब्दापाशी आल्यावर कोश कितीसा उघडावा लागला असेल, असे आमच्या मनात येते.

तेव्हा खरा प्रश्न हिवाळा की पावसाळा हा नाही. तो कोणाचा, हा आहे.

परंतु येथे एक जुनी अडचण उभी राहते. ती आमच्या मंडळीतील एका निवृत्त शिक्षकांनी फार चांगल्या शब्दांत मांडली. त्यांना आम्ही हा सर्व विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, "शहर पडणार आहे, मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही, आणि प्रार्थना कशासाठी करावयाची तर हवा बरी असावी म्हणून? हे शोभते काय? अरिष्ट टळावे म्हणून मागा, नाहीतर देवाच्या इच्छेस मान तुकवा. ऋतू बदलून मागणे म्हणजे फाशीच्या माणसाने दोर मऊ मागण्यासारखे." शिवाय ते म्हणाले, हवामानाची प्रार्थना मुळात स्वार्थाची. रोवणी करणाराला पाऊस हवा, वीटभट्टीवाल्याला ऊन हवे. देवाने कोणाचे ऐकावे? तो तर नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो.

या बोलण्यात तथ्य आहे. आम्ही पुष्कळ दिवस यावर विचार केला आणि आमचे समाधान झाले ते त्याच्या आधीच्या वचनाने. आम्ही त्या सभेत तेही वाचले होते आणि तेथूनही झपाट्याने पुढे गेलो होतो. त्या दिवसांत ज्या गरोदर असतील व ज्या अंगावर पाजत असतील त्यांच्याविषयी प्रभू हळहळतो, आणि लगेच म्हणतो की हे हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करा. ही दोन वाक्ये तोडून वाचली म्हणजे दुसरे क्षुल्लक दिसते. जोडून वाचली म्हणजे कळते की त्याच्या डोळ्यांपुढे हवा नव्हती, बाया होत्या. धडधाकट पुरुष पुरातूनही पोहून जाईल. पोटुशी बाई, तान्हे लेकरू, लंगडा म्हातारा यांच्यासाठी नदीला उतार असणे आणि नसणे यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. अरिष्ट सर्वांवर सारखे येते म्हणतात. ते खरे नाही. ऋतू त्यात भेद करतो. आणि शिष्यांनी मागावयाचे ते हे की जो सर्वांत दुबळा आहे त्याच्या पळण्याची वेळ आणि आभाळाचा कोप एकत्र गाठू नयेत. याला दोर मऊ मागणे म्हणता येत नाही. उलट, ही प्रार्थना करावयाची तर आपल्यात गरोदर कोण आहे, अधू कोण आहे, कोणाच्या घरी पांघरूण नाही, याची गणती आधी करावी लागते. 'प्रभू, जगावर दया कर' ही प्रार्थना काही न पाहताही करता येते. ही करता येत नाही.

ही प्रार्थना शहाणपणाची जागा घेते असेही नव्हे. पौलाच्या तारवाचे तुफान केवळ आभाळातून आले नव्हते. उपासाचा दिवस होऊन गेला होता, समुद्रप्रवास धोक्याचा झाला होता, आणि क्रेतात थांबावे असे पौलाने सांगितले होते. शताधिपतीने नावाड्याचे व तारवाच्या मालकाचे ऐकले, बहुतेकांचे मत निघण्याचेच पडले, आणि 276 माणसे त्या 'खेइमोन'मध्ये लोटली गेली. त्यांत पौलासारखे बंदिवान होते. त्यांना कोणी मत विचारले असेल असे दिसत नाही.

आता आमच्या स्वतःच्या दोषाकडे यावे लागते. आमच्या जिल्ह्यात हिंदी वर्तमानपत्रांत एक शब्द दरवर्षी छापून येतो, तो म्हणजे 'पलायन'. धान कापून झाले की माणसे कामासाठी बाहेर पडतात, नागपूरला, हैदराबादला, आणखी दूर. मराठी 'पळणे' याच शब्दाच्या घरचे आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्यात पळणे हिवाळ्यातच होते, दरवर्षी होते. नाताळचे पदार्थ संपतात, नवीन वर्षाची उपासना होते, आणि पौषात नाल्यापलीकडच्या घरांना कुलपे लागतात. आम्ही मंडळीत हजेरी कमी झाल्याची खंत करतो. वर्षानुवर्षे आम्ही तिला विश्वासातील थंडपणा म्हणत आलो.

मग मे 2020 आला. कामे बंद, गाड्या बंद, आणि गेलेली माणसे वैशाखाच्या उन्हातून पायी परत येऊ लागली. आमच्याच जिल्ह्यातील एक मजूर हैदराबादकडून सातशे-आठशे किलोमीटरची वाट तुडवीत रजेगावच्या नाक्यावर पोहोचला. लाकडे जोडून केलेल्या चाकांच्या गाड्यावर त्याने आपल्या गरोदर बायकोला व लहान मुलीला बसविले होते आणि ते स्वतः ओढीत आणले होते. ते चित्र देशभर सर्वांनी पाहिले. ग्रीक भाषेत तापल्या उन्हाला वेगळा शब्द आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु 'खेइमोन'पासून झालेले क्रियापद वादळाने झोडपले जाण्यासाठी येते आणि ग्रीक लेखक ते माणसाच्या हालअपेष्टांसाठीही वापरीत. त्या बाईचा 'खेइमोन' मे महिन्यात होता.

त्या दिवसांत आम्ही प्रार्थना करीत नव्हतो असे नाही. दररोज संध्याकाळी सात वाजता, फोनवरून एकमेकांना जोडून, आम्ही रोग हटावा म्हणून मोठ्या आवेशाने प्रार्थना करीत होतो. डॉक्टरांसाठी केली, देशासाठी केली, शास्त्रज्ञांसाठी केली. गोंदियाकडून येणाऱ्या रस्त्यावर कोण चालत आहे, त्यांत आपल्या मंडळीची किती माणसे आहेत, कोणाला कितवा महिना आहे, हे आम्ही एकदाही विचारले नाही. मंडळीची वही आमच्याच घरी होती. त्यांत नाल्यापलीकडच्या घरांची नावे होती आणि ती आम्हीच लिहिलेली होती. पाण्याचा एक माठ रस्त्यावर ठेवण्यास कोणाचीही मनाई नव्हती.

मागील पौषात आम्ही पुन्हा त्या वस्तीत गेलो, या वेळी कोणी न पाठविता. अर्ध्या घरांना कुलपे होती. मावशी अंगणात तूर झोडपीत होत्या. आम्ही म्हणालो, "मावशी, तुमचे बरोबर होते. तिकडचा हिवाळा म्हणजे पावसाचाच असतो. मी तेव्हा चुकीचे सांगितले." त्यांना तो प्रश्न आठवत होता. त्या म्हणाल्या, "मी काऊन विचारलं, सांगू भाऊ? आमच्या घरचं पळनं हिवाळ्यातच होते. पोरगा न् सून आत्ताच गेले. तुमी वाचलं, तवा मले वाटलं, प्रभूले आमचं मालूम दिसते. मंग वाटलं, नाही, आमचं त सोपं असते, जाताना. येताना कठीन गेलं होतं. सूनबाईच्या पायाले फोड, पोट सातव्या महिन्याचं. ते लेकरू नाही राहलं."

हे 2020 चे होते. आम्हांस ठाऊक नव्हते. वहीत नोंद नव्हती, कारण न जन्मलेल्याची नोंद वहीत होत नाही.

काय बोलावे ते सुचेना म्हणून थोडा वेळ आम्हीही काठी घेऊन तूर झोडपली. नंतर, ज्यासाठी गेलो होतो ते सांगितले. योहानाच्या दहाव्या अध्यायात हाच हिवाळ्याचा शब्द आहे; पावसाचे दिवस म्हणून येशू मंदिरात शलमोनाच्या देवडीत, छपराखाली फिरत आहे. लोकांनी त्याला घेरले, मारण्यास दगड उचलले, धरावयास पाहिले, आणि तो त्यांच्या हातून निसटून यार्देनेच्या पलीकडे गेला. हे आम्ही अनेकदा वाचले होते, परंतु ऋतू आणि नदी जोडून कधी पाहिली नव्हती. मार्कातील बोलणे त्यानंतरचे, वल्हांडणाच्या सुमाराचे आहे. तुमचे पळणे हिवाळ्यात होऊ नये असे ज्याने सांगितले, तो स्वतः त्याच हिवाळ्यात पळाला होता, आणि नदीच्या दिशेनेच.

मावशींनी काठी खाली ठेवली. थोडा वेळ त्या कुलूप लावलेल्या शेजारच्या दाराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पानी असन ना तवा नदीले?"

"असेल, मावशी. पावसाचेच दिवस होते."

"मंग कसा उतरला असन थो?"

योहानाने ते लिहिलेले नाही. आम्ही तसे सांगितले. मावशींनी पुन्हा काठी उचलली आणि आम्ही सुनेचा फोन नंबर मागून घेतला.